एचच्या जोड्या: कोकणातल्या नवख्यांसाठी स्क्रॅबलची पहिली वही

गणपतीत आणि मे महिन्यात चाकरमान्यांच्या सामानातून स्क्रॅबलचा, म्हणजे इंग्रजी अक्षरं जुळवून शब्द मांडायच्या खेळाचा, बोर्ड गावी येतो. चार दिवस पडवीत डाव रंगतात आणि पाहुणे परतले की बोर्ड माळ्यावर जातो. गावातली, मराठी माध्यमात शिकलेली मुलं आणि मोठी माणसंही एकदा खेळतात आणि मनाशी ठरवून टाकतात की हा खेळ आपला नव्हे, तो इंग्रजी फाडफाड बोलणाऱ्यांचा. हे मला मनापासून खोडून काढायचं आहे. स्क्रॅबलला इंग्रजी बोलता यावं लागत नाही, इंग्रजी शब्दांची स्पेलिंग माहीत असावी लागतात. आणि त्या शब्दांचा एक चांगला मोठा गठ्ठा आपल्या घरातून, शेतातून, बाजारातून तिकडे गेलेला आहे.

तो गठ्ठा सापडतो कसा, ते इथे पायरीपायरीने सांगतो. मुख्य सूत्र एवढंच की शब्द डिक्शनरीच्या क्रमाने पाठ करायला घेऊ नका, अक्षरांच्या जोडीने घ्या. एका जोडीचे सगळे शब्द एका पानावर. आणि पहिलं पान उघडा एचच्या जोड्यांचं, कारण ख, घ, ध, भ हे आवाज आपल्या जिभेवर जन्मापासून आहेत. इंग्रजांना ते लिहिताना के, जी, डी, बी यांच्या पाठीला एच जोडावा लागला. त्यामुळे त्या जोड्या दिसल्या की शब्द बहुतेक आपल्याकडचाच निघतो.

स्पेलिंग मी सुटी करून लिहिली आहेत, जसं जी-एच-ए-टी. वाचताना शेजारी वही घ्या आणि प्रत्येक शब्द इंग्रजी मोठ्या लिपीत लिहीत चला. हाताने लिहिलेला शब्द डावात चटकन दिसतो, नुसता वाचलेला दिसत नाही.

आधी खेळाची मोजणी समजून घ्या

बोर्ड १५ बाय १५ चौकोनांचा. टाइल, म्हणजे अक्षरांचे तुकडे, १००, त्यांतल्या दोन कोऱ्या. कोरी टाइल हव्या त्या अक्षराच्या जागी चालते, पण तिचे गुण शून्य. प्रत्येक खेळाडूच्या पट्टीवर थैलीतून उचललेल्या सात टाइल. एकाच खेळीत सातही टाइल लावल्या तर शब्दाच्या गुणांवर ५० गुण जादा.

हा खेळ रचला अल्फ्रेड बट्स या अमेरिकन आर्किटेक्टने. १९३० च्या दशकात मंदीत त्याचं काम सुटलं होतं. वर्तमानपत्राची पानं घेऊन त्याने अक्षरं मोजली आणि कुठलं अक्षर किती वेळा येतं त्यावरून टाइलची संख्या आणि गुण ठरवले. १९४८ मध्ये जेम्स ब्रुनोने खेळात थोडे बदल करून त्याला स्क्रॅबल हे नाव दिलं. त्या मोजणीमुळे ई च्या १२ टाइल आहेत, ए आणि आय नऊ-नऊ, ओ आठ. उलट के, जे, एक्स, क्यू, झेड प्रत्येकी एकच.

आता एच पाहा. इंग्रजी मजकुरात सगळ्यांत जास्त दिसणारी जोडी टी-एच. कुठलंही पान उघडा, 'द' आणि 'दॅट' यांनी ते भरलेलं असतं. तरीही थैलीत एच दोनच आणि प्रत्येकाला ४ गुण. म्हणजे हे अक्षर लावायला फार अवघड नाही आणि मोल मात्र चौपट. नवखा माणूस एच आला की 'ही', 'हॅट', 'शी' यांपुढे जात नाही. तुम्ही जायचं.

वही अशी आखा

शंभर पानी वही पुरते. एका पानावर एक जोडी, पानाच्या वर जोडी ठळक. पानाचे तीन उभे भाग करा: जोडी शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये, शेवटी. प्रत्येक शब्दापुढे टाइलचे गुण लिहा आणि अर्थ मराठीत दोन शब्दांत. अर्थ खेळात विचारला जात नाही, पण अर्थ कळला की शब्द विसरत नाही.

पहिल्या आठवड्यात चारच पानं भरा: डी-एच, जी-एच, के-एच, बी-एच. घाई करू नका. जुनी पानं रोज वाचत राहणं हे नवी पानं वाढवण्यापेक्षा जास्त कामाचं.

डी-एच

या पानापासून सुरुवात करा, कारण ते सगळ्यांत भरगच्च आहे. डी-एच-ओ-टी-आय, धोतर, ९ गुण. डी-एच-ओ-बी-आय, धोबी, ११. डी-एच-ए-एल, डाळ, ८. डी-एच-ए-के, पळस, हिंदीतला ढाक, १२. डी-एच-ए-आर-एम-ए, धर्म, १२. डी-एच-ए-आर-एन-ए, धरणं, १०. तहसील कचेरीसमोर बसतात तेच हे धरणं, जसंच्या तसं तिकडच्या मान्य शब्दांच्या यादीत गेलं आहे.

डी-एच-ओ-डब्ल्यू, उच्चार 'डाऊ', ११ गुण. अरबी समुद्रात शिडावर चालणारं जहाज. दाभोळ, चौल या बंदरांत अरबस्तानातून व्यापारी येत, ते अशाच जहाजांतून. आपण गलबत, पडाव, मचवा म्हणतो, इंग्रजीने मात्र हा शब्द ठेवला. चारच अक्षरांत डी, एच आणि डब्ल्यू बसतात म्हणून तो फार किमती आहे.

डी-एच-ओ-एल म्हणजे शिमग्यात वाजतो तो ढोल. त्याच्या शेवटी ई लावा, डी-एच-ओ-एल-ई होतं. तो सह्याद्रीत कळपाने शिकार करणारा रानकुत्रा, आपला कोळसुंदा. एका टाइलने ढोलाचा कोळसुंदा झाला आणि अख्ख्या शब्दाचे गुण पुन्हा मिळाले.

जोडी मध्ये असलेले दोन शब्द तरी लिहाच: एस-ए-डी-एच-यू, साधू, ९ गुण, एस-ए-एन-डी-एच-आय, व्याकरणातला संधी, १० गुण.

जी-एच, के-एच, बी-एच

जी-एच मध्ये पहिला मान घाटाचा. जी-एच-ए-टी, ८ गुण. आंबोली, फोंडा, आंबा, कुंभार्ली हे ज्यांच्या रोजच्या वाटेवर आहेत, त्यांना हे स्पेलिंग विसरायचं कारण नाही. तूप दोन तऱ्हांनी लिहिता येतं: जी-एच-ई-ई आणि जी-एच-आय. दुसरं जास्त उपयोगी, तीनच टाइल आणि ७ गुण. आंदोलनातला घेराव जी-एच-ई-आर-ए-ओ, १० गुण. छोट्या होडीला इंग्रजीत 'डिंगी' म्हणतात, तो शब्दही इकडचाच. डी-आय-एन-जी-एच-वाय, १४ गुण. इथे जी-एच मध्ये लपलेला आहे आणि शेवटी वाय. वाय पट्टीवर असेल तर हा शब्द आठवा.

के-एच चं पान लिहिताना एक गोष्ट कायम लक्षात ठेवा: थैलीत के एकच आहे. खाकी, म्हणजे के-एच-ए-के-आय, हा सगळ्यांना पटकन सुचणारा शब्द, पण त्यात के दोन लागतात, म्हणजे एक कोरी टाइल खर्ची पडते. गुण ११ आणि कोरी टाइल गेली, हा सौदा बहुधा महागात पडतो. आपल्या कोकमाचंही तेच. के-ओ-के-यू-एम स्पर्धांत वापरतात त्या कॉलिन्सच्या यादीत आहे, अभिमान वाटतो, पण दुसऱ्या के साठी कोरी लागते. त्यापेक्षा खादी घ्या, के-एच-ए-डी-आय, १३ गुण, कोरीची गरज नाही. कोकणातलं भाताचं पीक खरीपाचं, तेही आहे: के-एच-ए-आर-आय-एफ, १६ गुण. लाख शेवटच्या रकान्यात, एल-ए-के-एच, ११ गुण. आणि के-एच-आय, ग्रीक अक्षराचं नाव, तीन टाइलमध्ये १० गुण.

बी-एच चं पान लहान पण खणखणीत. बी-एच-ए-एन-जी, भांग, ११. बी-एच-ए-के-टी-आय, भक्ती, १५. बी-एच-ए-जे-आय, भजी, १७, कारण जे चे एकट्याचेच ८ गुण आहेत. भूत दोन्ही तऱ्हांनी चालतं: बी-एच-यू-टी आणि बी-एच-ओ-ओ-टी. या पानावर एक खास इंग्रजी शब्दही लिहा, ए-बी-एच-ओ-आर, म्हणजे तिटकारा करणं, १० गुण.

पट्टीवर एच आला की काय करायचं

ही सवय लागली की निम्मं काम झालं. एच उचला आणि पट्टीवर मधोमध ठेवा. उरलेल्या प्रत्येक व्यंजनाला एकेकदा त्याच्या डावीकडे आणून बसवा. डी आहे? डी-एच चं पान डोळ्यासमोर आणा. के आहे? ते पान. व्यंजनं संपली की एच सर्वांत उजवीकडे न्या आणि त्याच्या डावीकडे ए ठेवा. त्या जोडीचं पान पुढे येईल.

एक उदाहरण नीट खेळून पाहू. डावाची पहिली खेळी तुमची आहे आणि पट्टीवर आलंय ए, डी, एच, आय, के, ओ, टी. इंग्रजी शाळेतला माणूस इथे 'हिट', 'किड', 'टोड' शोधत बसेल. तुम्ही एच ला डी जोडला की धोती दिसते, ढाक दिसतो. के जोडला की खादी. हे तीन शब्द तुमच्या हातात आले, आता कुठला?

धोती ९ गुणांची, ढाक १२, खादी १३. पण बोर्ड बघा. मधल्या आडव्या रांगेत आठवा चौकोन चांदणीचा, पहिल्या शब्दाने तो झाकायलाच हवा, आणि त्यावर शब्दाचे गुण दुप्पट होतात. त्याच रांगेत डावीकडून चौथा चौकोन फिकट निळा, तिथल्या अक्षराचे गुण दुप्पट. खादीत अक्षरं पाच. के चौथ्या चौकोनावर ठेवलात की शेवटचा आय बरोबर आठव्यावर येतो. के चे पाचाचे दहा झाले, एच चार, ए एक, डी दोन, आय एक, बेरीज १८, आणि चांदणीमुळे ३६. हीच जागा धोतीला दिली असती तर डी चे चार धरून ११, दुप्पट २२. एका शब्दात १४ गुणांचा फरक पडला, कारण के हे जड अक्षर आहे आणि ते निळ्या चौकोनावर गेलं. म्हणून शब्द सापडला की लगेच मांडू नका, तो कुठून सुरू केला तर जड अक्षर रंगीत चौकोनावर बसतं ते आधी पाहा.

खादीनंतर एस चालतो, हे समोरच्यालाही माहीत असतं. पट्टीवर ओ आणि टी उरले आहेत, पुढच्या खेळीत तुम्हाला एस मिळाला तर तीच जागा तुमची.

दुसऱ्याच्या शब्दापुढे एक अक्षर

स्क्रॅबलमध्ये सगळ्यांत गोड गुण मिळतात ते दुसऱ्याने मांडलेल्या शब्दाला आपली एक टाइल चिकटवून. बहुतेक नवखे मागे एस लावतात आणि थांबतात. एस फक्त चार आहेत, ते असे उधळू नका. एच ने सुरू होणाऱ्या साध्या इंग्रजी शब्दांच्या पुढे, म्हणजे डावीकडे, आपला डी, जी, बी, के लावून पाहा:

'हाऊ' च्या पुढे डी लावला की डाऊ जहाज.
'होल' च्या पुढे डी, कोळसुंदा.
'हॅट' च्या पुढे जी, घाट. के लावला तरी चालतो, के-एच-ए-टी ही चघळायची एक पानं आहेत.
'हँग' च्या पुढे बी, भांग.
'हट' च्या पुढे बी आणि 'हूट' च्या पुढेही बी, दोन्हीकडे भूत.
'होस्ट' च्या पुढे जी, म्हणजे इंग्रजीतलं भूत.
'हाय' च्या पुढे जी, तूप.

ही यादी एका स्वतंत्र पानावर लिहा आणि तोंडपाठ करा. समोरच्याने 'होल' मांडला आणि डावीकडची जागा मोकळी असेल, तर नुसता डी ठेवून समाधान मानू नका. तो डी उभ्या शब्दाचा भाग करा. साधू उभा लावा, एस-ए वर, डी बरोबर 'होल' च्या पुढे, एच-यू खाली. उभा साधू ९ गुणांचा, आडवा कोळसुंदा ९ गुणांचा, एका खेळीत दोन्ही तुमचे. थैलीतले दोन्ही एच बोर्डावर आल्याचंही ध्यानात ठेवा. आता उरलेल्या डावात एच ची वाट पाहायची नाही, फक्त कोरी टाइल एच म्हणून येऊ शकते.

आमच्या इथल्या रविवारच्या बैठकीत एका सातवीतल्या मुलीने 'हॅट' ला जी लावला, तेव्हा समोर बसलेल्या, कॉलेजात इंग्रजी शिकलेल्या दादाने तो शब्द अमान्य केला. मोबाइलवर तपासला, निघाला. तिने हळूच विचारलं, "काका, मग अजून असे किती आहेत?" त्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे ही वही.

ए-एच: शब्दाच्या शेवटी बसणारा एच

इंग्रजांनी आपले शब्द लिहायला घेतले तेव्हा स्पेलिंग ठरलेलं नव्हतं. 'आ' ने संपणारा शब्द कुणी नुसत्या ए ने लिहिला, कुणी शेवटी एच जोडून. दोन्ही रूपं यादीत राहिली आणि खेळणाऱ्याची चंगळ झाली. दुसऱ्याने नुसता ए ठेवून शब्द संपवला असेल तर तुम्ही एच लावायचा.

खोबरं सी-ओ-पी-आर-ए, त्याला एच लागतो. पंखा पी-यू-एन-के-ए, एच लागतो. पडदा पी-यू-आर-डी-ए, एच. हुक्का एच-ओ-ओ-के-ए, एच. साळुंकीच्या जातीची मैना एम-वाय-एन-ए, एच. व्हरांडा व्ही-ई-आर-ए-एन-डी-ए, एच. राजा तर जिन्यासारखा चढतो: आर-ए-जे १० गुण, ए लावून ११, एच लावून १५. तिन्ही वेळा ज्याने टाइल लावली त्याला पूर्ण शब्दाचे गुण.

याच पानाखाली लहान शब्दांची एक रांग लिहा. बी-ए, डी-ए, पी-ए, एन-ए, वाय-ए, एच-ए, ए-ए हे दोन अक्षरी शब्द यादीत आहेत आणि प्रत्येकाच्या मागे एच चालतो. कॉलिन्सच्या यादीत दोन अक्षरी शब्द सव्वाशेच्या आसपास आहेत. ते सगळे हळूहळू पाठ करावेच लागतात, त्याला आडवाट नाही. पण एच असलेले आधी करा: ए-एच, ई-एच, ओ-एच, यू-एच, एच-ए, एच-ई, एच-आय, एच-ओ, एच-एम, एस-एच.

सांध्यावरचा एच

काही लांब शब्दांत या जोड्या दोन शब्द जिथे जुळतात तिथे पडतात: 'चाइल्डहूड', 'रेडहेड', 'मॅडहाउस' मध्ये डी-एच, 'बॅकहँड', 'वर्कहॉर्स' मध्ये के-एच, 'क्लबहाउस' मध्ये बी-एच. इथे महाप्राणाचा काही संबंध नाही. बोर्डावर कुणी 'बॅक' किंवा 'वर्क' मांडला आणि उजवीकडे मोकळी जागा असेल, तर हँड, हाउस, हेड, हूड, होल्ड, हॉर्स हे सहा शब्द मनात फिरवा. एवढं पुरे.

सातही टाइल एकदम

५० गुणांचा बोनस नवख्याला अशक्य वाटतो. तो फार दूर नाही, पण त्यासाठी सात अक्षरी शब्द आधीच ओळखीचे हवेत. आपल्या घरातले तीन लिहून ठेवा. चटणी, सी-एच-यू-टी-एन-ई-वाय, १५ आणि ५० मिळून ६५. चपाती, सी-एच-ए-पी-ए-टी-आय, ६४. जोधपूर, जे-ओ-डी-एच-पी-यू-आर, ७०. विशेषनाम खेळात चालत नाही, रत्नागिरी, मालवण, दापोली मांडता येणार नाहीत. पण जोधपूर हे घोडेस्वारीच्या चोळण्याचंही नाव झालं आहे, म्हणून ते मान्य.

आठ अक्षरी एक शब्द मला फार प्रिय आहे, एल-ए-टी-ई-आर-आय-टी-ई. आपला जांभा दगड, ज्याच्या चिऱ्यांनी कोकणातली घरं आणि गडगे उभे आहेत. फ्रान्सिस बुकॅनन याने १८०७ मध्ये मलबारातला हा दगड पाहून त्याला हे नाव दिलं. यात एच नाही, पण यातली सगळी अक्षरं एकेका गुणाची आणि थैलीत भरपूर असलेली आहेत. अशीच अक्षरं पट्टीवर जमतात तेव्हा ५० गुण जवळ येतात. बोर्डावर आधीच असलेलं एक अक्षर धरून तो लावायचा.

क्यू हाती आला तर घाबरू नका

एचची पानं पक्की झाली की पुढचं पान क्यू चं. शाळेत शिकवतात की क्यू च्या पाठोपाठ यू येतोच. यू चार आहेत, क्यू एक, आणि नेमका यू हाती नसतो. १० गुणांची टाइल पट्टीवर अडकून पडते. यू शिवाय चालणारे शब्द पाहिलेत तर तेही बरेच ओळखीचे निघतात, कारण ते अरबी-फारसीतून आले आणि त्याच वाटेने मराठीतही आले: एफ-ए-क्यू-आय-आर, फकीर, बी-यू-आर-क्यू-ए, बुरखा, क्यू-ए-डी-आय, काझी, टी-ए-एल-ए-क्यू, तलाक, एन-आय-क्यू-ए-बी, नकाब. आणि या सगळ्यांचा मुकुटमणी क्यू-आय, चिनी विचारातली प्राणशक्ती, दोनच टाइल. क्यू अक्षराचे गुण तिप्पट करणाऱ्या चौकोनावर बसवून आडवा आणि उभा दोन्ही बाजूंनी हा शब्द जुळला तर ३१ अधिक ३१, म्हणजे ६२. पट्टीवर आय राखून ठेवण्याची सवय इथे कामाला येते.

यादी कुठली, वाद कसे मिटवायचे

खेळ सुरू करण्याआधी शब्दांची एक यादी ठरवा. भारतातल्या स्पर्धांत कॉलिन्सची स्क्रॅबल यादी वापरतात, म्हणून तीच घ्या. कॉलिन्सच्या संकेतस्थळावर शब्द टाकून तपासता येतो. उत्तर अमेरिकेची यादी वेगळी आहे आणि काही शब्द मांडताना हा फरक आडवा येऊ शकतो. मोबाइलवरच्या इतर शब्दखेळांच्या याद्याही निराळ्या असतात.

कानाला बरोबर वाटलेला प्रत्येक मराठी शब्द यादीत असेलच असं नाही. वहीत शब्द उतरवण्याआधी तपासा, चुकीचं स्पेलिंग एकदा हाताला बसलं की जाता जात नाही. डावात हरकत घेतली आणि शब्द बरोबर निघाला तर हरकत घेणाऱ्याचे पाच गुण जातील, असा नियम घरच्या डावाला चांगला. त्यामुळे उगाच हरकती कमी होतात आणि मुलं नवा शब्द मांडायला बिचकत नाहीत.

बोर्ड आणि टाइल

सेट नसेल तर अडून बसू नका. पुठ्ठ्याच्या टाइल चालतात, पण पावसाळ्यात त्या कोकणात टिकत नाहीत. पाऊण इंचाचे लाकडी चौकोनी तुकडे सुताराकडून कापून घ्या, सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळणी करणाऱ्यांकडेही विचारता येईल. अक्षर एकाच बाजूला रंगवा, कोपऱ्यात गुण लिहा. पाठीमागून सगळे तुकडे सारखे दिसले पाहिजेत, रेषा किंवा गाठ असलेला तुकडा बाजूला काढा, नाहीतर थैलीत हात घालणाऱ्याला बोटांनी कळतो.

विकतच्या बोर्डाचा पुठ्ठा जून ते सप्टेंबर फुगतो, घडी सुटते आणि कापडी थैलीला बुरशी धरते. बोर्ड पत्र्याच्या डब्यात उभा ठेवा आणि सोबत थोडा भाजलेला तांदूळ फडक्यात बांधून टाका. दर पंधरवड्याने तांदूळ बदला. थैली श्रावणातलं ऊन पडलं की तासभर वाळत घाला, आणि टाइल परत भरताना शंभर मोजूनच भरा.